वाटेच्या टोकाला तावेर्न

गेल्या वार्षिक स्नेहसंमेलनात एका तरुण सहकाऱ्याने मला गाठून विचारले, "सर, तुम्ही मंडळी रविवारी आमोण्याला चालायला जाता आणि शेवटी म्हणे तावेर्नात बसता. मग याला व्यायाम म्हणायचे की व्यसन?" आजूबाजूचे सारे हसले, मीही हसलो. परंतु घरी परतताना तो प्रश्न मनातून जाईना. वीस वर्षांहून अधिक काळ मी ज्या उपक्रमात पाय झिजविले, त्याचे समर्थन एका वाक्यात करता येऊ नये, याचे मलाच नवल वाटले. संपादकांनी स्मरणिकेसाठी 'काहीतरी हलकेफुलके, आरोग्यविषयक' मागितले, तेव्हा हाच विषय घ्यावयाचे ठरविले. तो शेवटपर्यंत हलकाफुलका राहिला नाही, त्याबद्दल त्यांनी क्षमा करावी.

ज्या वाचकांना आमोणे ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. डिचोली तालुक्यातील हे गाव मांडवीच्या काठी वसलेले आहे. पलीकडच्या तीरावर फोंडा तालुक्यातील खांडोळे. खनिज आणि कच्चे लोखंड यांच्यामुळे गावाचे नाव कारखानदारीच्या नकाशावर आले, पण मुख्य रस्ता सोडून शंभर पावले आत गेले की नदीकाठची शेते, कुळागरे, जांभ्या दगडाचा सडा आणि काजूचे डोंगर हेच खरे आमोणे. ग्रामदेव बेताळ. वेताळ रात्री गावाच्या सीमेवर फिरून राखण करतो आणि त्या फेऱ्यांत त्याच्या वहाणा झिजतात, असा गोव्यात पूर्वापार समज आहे. म्हणून भाविक त्याला वहाणा अर्पण करतात. चालणाऱ्यांनी प्रारंभासाठी याहून योग्य गाव शोधून सापडले नसते.

पायी फिरून अखेर मद्यगृहात विसावण्याची रीत मी प्रथम पाहिली ती इंग्लंडात. १९९१ ते १९९३ ही दोन वर्षे मी डर्बीशरमधील एका रुग्णालयात उमेदवारी केली. रविवार म्हणजे खोलीत बसून घरची पत्रे पुन्हा पुन्हा वाचण्याचा दिवस. एका रविवारी वॉर्डातील वरिष्ठ सहकारी मला ओढूनच घेऊन गेले. पाऊस भुरभुरत होता, मेंढ्यांच्या कुरणांतून जाणारी पाऊलवाट चिखलाने भरली होती, आणि माझ्या पायांत चक्क कार्यालयीन बूट होते. चार तासांनी ओलेचिंब होऊन आम्ही ईडेल गावातील 'ओल्ड नॅग्ज हेड' या पबमध्ये शिरलो. शेकोटीपुढे मोजे वाळत घालून बसलेली, एकमेकांना न ओळखणारी माणसे मोठ्या आपुलकीने बोलत होती. त्या देशात दोन वर्षांत मला इतके अनौपचारिक संभाषण अन्यत्र कोठेही ऐकू आले नाही.

पुढे कळले की पेनाइन वे ही २६८ मैलांची, १९६५ साली खुली झालेली पदयात्रेची वाट याच पबपासून सुरू होते आणि स्कॉटलंडच्या हद्दीत कर्क येथोम येथे पुन्हा एका मद्यगृहाशीच संपते. या वाटेचे मार्गदर्शक पुस्तक लिहिणारे आल्फ्रेड वेनराइट यांनी तर संपूर्ण वाट चालून येणाऱ्या प्रत्येकाला तेथे आपल्या खर्चाने पेय मिळावे अशी व्यवस्था करून ठेवली होती. पुढे बिल वाढत चालले, तसा एका पाइंटचा अर्धा पाइंट झाला. मला त्या अर्ध्या पाइंटाचे फार अप्रूप वाटते. २६८ मैल चालून आलेल्या माणसाला कोणी अर्ध्या पाइंटासाठी चालला असे म्हणणार नाही. तरीही तो अर्धा पाइंट टोकाला आहे, हे ठाऊक असल्यामुळे शेवटचा मैल पार पडतो.

आपल्याकडे हे तत्त्व नवे नाही. गोव्यातूनही आषाढीला पायी दिंड्या पंढरपूरला जातात. त्यांतील कित्येक वृद्ध एरव्ही दवाखान्याच्या तीन पायऱ्या चढताना गुडघ्यांची तक्रार करतात. तुलना कोणास अधिकउणी वाटल्यास क्षमस्व. मला इतकेच म्हणावयाचे आहे की माणूस अंतरासाठी चालत नाही, तो कोणाकडे तरी, कोठे तरी पोहोचण्यासाठी चालतो. आपण मात्र चिठ्ठीवर 'रोज ४५ मिनिटे चालणे' असे लिहून देतो. कोठे जायचे, तेथे कोण भेटणार, हे लिहीत नाही. तीन महिन्यांनी रुग्ण परत येतो तेव्हा चालणे बंद पडलेले असते आणि आपण त्याच्या आळसाला दोष देतो.

चालण्याचा आणि पिण्याचा हा संयोग खेळाच्या रूपात जगभर नेला तो 'हॅश हाउस हॅरियर्स' या मंडळींनी. त्याचे मूळ इंग्लंडातील शाळांमधील 'ससा आणि शिकारी कुत्रे' या खेळात आहे: एकाने कागदाचे कपटे टाकीत पळायचे, बाकीच्यांनी माग काढायचा. १८६८ साली लंडनजवळच्या रोहॅम्प्टन येथे याच नावाचा पहिला क्लब निघाला आणि त्याचेही ठाणे एक पबच होते. १९३८ साली क्वालालंपूर येथे ए. एस. गिस्पर्ट या हिशेबतपासनिसाने आपल्या सोबत्यांना जमवून हा खेळ तेथील रबराच्या मळ्यांतून सुरू केला. ही मंडळी जेथे जेवत, त्या भोजनगृहाला तेथील बेचव जेवणामुळे 'हॅश हाउस' हे टोपणनाव पडले होते. आपल्या भाषेत 'खिमाघर' म्हणा ना! गिस्पर्ट १९४२ साली सिंगापूरच्या लढाईत मारला गेला. युद्धानंतर त्याच्या मित्रांनी खेळ पुन्हा सुरू केला.

१९५० साली संस्थेची नोंदणी करताना त्यांनी जे उद्देश नमूद केले, ते वैद्यकीय दृष्टीने मोठे गमतीदार आहेत. सभासदांची शारीरिक क्षमता वाढविणे, आठवडाअखेरच्या मद्यपानाचा अंमल उतरविणे, उत्तम तहान उत्पन्न करून ती बिअरने भागविणे, आणि वयस्क सभासदांना ते समजतात तितके म्हातारे झालेले नाहीत हे पटविणे. पहिल्या व चौथ्या कलमावर मी डोळे मिटून सही करीन. दुसरे आणि तिसरे एकत्र वाचले की रोग व औषध एकाच दुकानातून विकत घेण्याचा प्रकार दिसतो.

या मंडळींचा 'इंटरहॅश' हा जागतिक मेळावा दर दोन वर्षांनी भरतो आणि २००२ साली तो आपल्या गोव्यात भरला होता. त्या दिवसांत मी व माझे एक ज्येष्ठ स्नेही असे दोघे एका लग्नासाठी किनारपट्टीकडे गेलो असता रस्त्याच्या कडेला पिठाचे ठिपके दिसले आणि मागून चित्रविचित्र पोशाखातील देशोदेशींचे साठ-सत्तर स्त्री-पुरुष धापा टाकीत आले. त्यांत सत्तरीचे होते, स्थूल होते, गुडघ्याला पट्टा बांधलेले होते. माझे स्नेही गाडी थांबवून पाहात राहिले. ते भूलतज्ज्ञ. आम्ही सारे त्यांना 'भाई' म्हणत असू, येथेही तसेच म्हणतो. भाई म्हणाले, "अरे, हे आपल्याला का जमू नये?"

२००३ च्या नोव्हेंबरात आमची पहिली वाट निघाली. आम्ही सातजण, सारे डॉक्टर. धावणे वगळले, चालणे ठेवले. वाट आखण्याचे काम अर्थातच भाईंचे. आदल्या संध्याकाळी एकटेच जाऊन ते रांगोळीने खुणा करीत: सरळ जाण्यासाठी ठिपका, फाट्यावर वर्तुळ. दुसऱ्याच खेपेला गावात हाहाकार उडाला. तिठ्यावर रात्रीतून पांढरे वर्तुळ उमटलेले पाहून गावकऱ्यांना दुसरे काय वाटणार? कोणीतरी उतारा टाकला म्हणून घाड्याला बोलावण्यापर्यंत मजल गेली. भाईंनी देवळापाशी जाऊन खुलासा केला आणि तेव्हापासून आम्ही माडाच्या चुडतांच्या पट्ट्या फांद्यांना बांधू लागलो. यात आमोणेकरांना हसण्याचे कारण नाही. २००७ साली अमेरिकेत न्यू हेवन येथे एका दुकानाच्या वाहनतळावर हॅशवाल्यांनी टाकलेले पीठ अँथ्रॅक्स समजून सारा परिसर रिकामा करण्यात आला होता आणि पीठ टाकणारांवर खटला भरला गेला होता.

फाट्यावरचे ते वर्तुळ हा या खेळाचा प्राण आहे, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. वर्तुळापाशी खुणा थांबतात. पुढे तीन दिशा असतील तर खरी एकच. बाकीच्या दोन शे-दोनशे पावलांवर विरून जातात. जे वेगाने पुढे गेलेले असतात तेच या खोट्या वाटांवर धावतात, फसतात, परत येतात. तोवर मागचे, दमेकरी, गुडघेकरी, वर्तुळापाशी पोहोचतात. अशा रीतीने तीस वर्षांचा सर्जन आठऐवजी अकरा किलोमीटर चालतो, सदुसष्ट वर्षांचा बालरोगतज्ज्ञ आठच चालतो, आणि दोघेही टोकाला एकाच वेळी पोहोचतात. प्रत्येकाला त्याच्या कुवतीप्रमाणे व्यायामाची मात्रा आपोआप मिळते. हृदयविकारानंतरच्या पुनर्वसनात आपण जी गोष्ट नाडीचे ठोके मोजून साधतो, ती येथे एका चुडताच्या पट्टीने साधते. ज्याने ही युक्ती प्रथम शोधली त्याला शरीरशास्त्राचे ज्ञान नसावे, पण माणसांचे निश्चितच होते.

आमची नेहमीची वाट देवळासमोरून निघून नदीकाठच्या शेतांच्या बांधावरून जाई, मग सड्यावर चढून काजूच्या बागायतींतून कुडण्याच्या दिशेने वळे आणि फिरून गावाच्या कडेला एका कौलारू तावेर्नाशी संपे. खनिजाच्या ट्रकांची धूळ त्या काळी पानापानांवर बसलेली असे. २०१२ साली खाणी बंद झाल्या तेव्हा आमच्या फुप्फुसांना बरे वाटले आणि दवाखान्यात येणाऱ्या ट्रकमालकांकडे पाहून तसे वाटल्याची लाजही वाटली.

तावेर्न चालविणाऱ्या बाईंना सारा गाव काकी म्हणे. बाकडी दोन, भिंतीवर देवादिकांची दिनदर्शिका, मागे माडाची सावली. उकडलेले चणे, मिरचीची भजी, आणि मार्च ते मे या काळात हुर्राक. बाहेरगावच्या सदस्यांसाठी सांगावयास हवे की काजूचे बोंडू झाडावरून तोडीत नाहीत; पिकून आपोआप गळलेले, टोकाला खिळा लावलेल्या काठीने वेचतात. बी वेगळी काढून बोंडू तुडवायचे. तुडविलेल्या चोथ्यावर वजन ठेवले की जो स्वच्छ गोड रस ठिबकतो तो नीरो, तो ताजाच प्यावा. तुडवून निघालेला रस आंबवून भट्टीवरील भाणात उकळला की पहिल्या वाफेचा हुर्राक, आणि हुर्राक आंबलेल्या रसात मिसळून पुन्हा उकळला की फेणी. काजूच्या फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, २०१६ साली राज्याने तिला वारशाचा दर्जा दिला. अभिमानाची गोष्ट आहे, वादच नाही.

परंतु हुर्राक 'हलका' असतो, हा जो समज आहे, तो मात्र गणिताच्या कसोटीला उतरत नाही. हुर्राकात मद्यार्काचे प्रमाण सुमारे पंधरा टक्के, फेणीत बेचाळीस-त्रेचाळीस. फेणी साठ मिलिलीटर ओततात आणि हुर्राक लिंबू, मीठ व चिरलेली मिरची घालून, लिम्का ओतून, भरल्या पेल्याने पितात. १८० मिलिलीटर हुर्राकात शुद्ध मद्यार्क सुमारे २१ ग्रॅम. ६० मिलिलीटर फेणीत सुमारे २०. पेला बदलला, मात्रा तीच. बिअरची ६५० मिलिलीटरची पाच टक्क्यांची बाटली घेतली तर २५ ग्रॅमच्या वर. सत्तर किलो वजनाचा गृहस्थ आठ किलोमीटर चालून ढोबळमानाने ४०० किलोकॅलरी खर्च करतो. मद्यार्काच्या प्रत्येक ग्रॅममागे सात किलोकॅलरी असतात. दोन बाटल्या आणि एक बशी भजी, की कमावलेले सारे गमावून वर उधारी. वजन घटविण्यासाठी आमच्याबरोबर आलेले तिघे याच कारणाने वर्षभरात दीड किलो वाढले. मी त्यांतील एक.

याहून गंभीर गोष्ट रक्तशर्करेची. लांब चालण्याने यकृतातील व स्नायूंतील ग्लायकोजेन खर्ची पडते. अशा वेळी यकृत नवी साखर बनवून रक्तातील पातळी सावरते आणि मद्यार्क नेमकी तीच क्रिया रोखतो. रुग्ण इन्सुलिनवर किंवा ग्लिबेनक्लामाइड, ग्लिमेपिराइड यांसारख्या गोळ्यांवर असेल, तर धोका दुहेरी. घाम, थरथर, असंबद्ध बडबड ही सारी लक्षणे तावेर्नात 'चढली' या एका शब्दात निकालात निघतात. काही वेळा साखर उतरते ती चार-सहा तासांनी, दुपारच्या झोपेत. आमच्या गटात एकदा हे घडले. गृहस्थ स्वतः एम.डी. होते, आजूबाजूला पाच डॉक्टर होते, आणि तरीही निदान करण्यास दहा मिनिटे लागली. कारण आम्ही सारे हसत होतो. काकींनीच साखरेचे पाणी करून आणले.

तहानेचेही तसेच. मद्यार्क व्हॅसोप्रेसिनला दाबतो, मूत्र वाढते, म्हणून चार टक्के किंवा त्याहून तीव्र पेय घामाची भरपाई करण्यास उलट विलंब लावते. प्रथम पाणी किंवा मीठ घातलेली पेज, पोटात काही घन, मग बाकीचे. रक्तदाबाच्या व प्रोस्टेटच्या गोळ्या घेणाऱ्यांनी बाकड्यावरून एकदम उठू नये. परतीच्या गाडीचे चक्र न पिणाऱ्याच्या हाती असावे. कायद्याची मर्यादा १०० मिलिलीटर रक्तात ३० मिलिग्रॅम इतकी अल्प आहे. आणि थोडी मात्रा हृदयाला हितकर असते, हा आपल्या विद्यार्थिदशेतील दिलासा आता विसरावा. मद्यार्काची गणना कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात १९८८ सालीच झाली आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली पूर्णतः निर्धोक अशी कोणतीही मात्रा नसल्याचे स्पष्ट सांगितले आहे.

इथपर्यंतचे सारे कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडेल. आता जे लिहितो ते सापडणार नाही.

पहिली पाच-सहा वर्षे भाईंच्या वाटा आम्हाला रडकुंडीस आणीत. दहा-अकरा किलोमीटर, सड्यावरची उभी चढण, खोटे फाटे तीन-तीन. साधारण २००९ नंतर चढण वाटेतून नाहीशी झाली. 'उन्हे वाढली आहेत, डोंगराच्या कडेकडेने जाऊ' असे भाई म्हणाले आणि आम्हाला ते सोयीचेच होते. आणखी दोन वर्षांनी शेतांचा बांध गळला. 'बांध खचला आहे' असे कारण मिळाले. तो खचला नव्हता. मग वाट सात किलोमीटरांची, पाचाची, अखेर तीनाची झाली, ती सारी डांबरी रस्त्याने. पूर्वी साडेदहाला तावेर्नात पोहोचणारे आम्ही आता आठ वाजता पोहोचू लागलो, उठण्याची वेळ मात्र तीच राहिली.

आज मागे वळून पाहताना ती वाट म्हणजे एक सविस्तर केसपेपर दिसतो. चढण प्रथम सुटते, कारण मद्यजन्य स्नायुविकारात मांड्या व नितंबांचे स्नायू आधी दुर्बळ होतात. अरुंद बांध सुटतो, कारण बांधावर चालणे म्हणजे टाचेला बोटे लावून सरळ रेषेत चालण्याची आपली चाचणीच. लहान मेंदू आणि पायांच्या नसा बिघडल्या की ती जमत नाही. भाई आपली लक्षणे दर पंधरा दिवसांनी चुडताच्या पट्ट्यांनी झाडांवर बांधून ठेवीत होते, आणि आम्ही सातजण, एकूण अनुभव दीडशे वर्षांचा, त्यांवरून चालत जात होतो. तळहातांची लाली मी पाहिली होती. कानशिलांचे खळगे पाहिले होते. इतर कोणी रुग्ण असता तर दारातून आत येतानाच मी निदान केले असते. पण ते भाई होते. आमच्या गटाचे जनक, माझ्या मुलीच्या शस्त्रक्रियेत रात्रभर जागलेले. शिवाय त्यांना बोलायचे म्हणजे स्वतःच्या पेल्याकडे पाहणे आले.

२०१४ च्या मार्चमधील एका रविवारी सारे निघून गेल्यावर मी छत्री विसरलो म्हणून परत वळलो. काकी बाकडी पुसत होत्या. त्या म्हणाल्या, "दोतोर, तुमी इतले दोतोर एकठांय बसतात, आनी तांकां कोणूच कांय सांगना?" मग आतून हिशेबाची वही आणून दाखविली. भाई केवळ आमच्या रविवारी येत नव्हते. आठवड्यातील पाच दिवस, तारखांसह, त्यांच्या नावापुढे आकडे होते. "हांवें तांकां तिसरें दिवप बंद केलां," त्या म्हणाल्या, "म्हजें दुकान हें, तरी."

दारू विकून पोट भरणाऱ्या बाईने जे केले ते आम्हाला पाच वर्षे जमले नव्हते.

पुढच्या रविवारी मी भाईंना आग्रहाने बांधाकडे नेले. कधी कमी करावीशी वाटली का, कोणी टोकले तर राग येतो का, अपराधी वाटते का, सकाळी उठल्याबरोबर लागते का, हे चार प्रश्न आपण सारे विद्यार्थ्यांना शिकवितो. मला पहिलाच विचारता आला, कारण दुसऱ्याचे उत्तर त्यांनी लगेच देऊन टाकले. "तू मला शिकवतोस? तू इंग्लंडहून आलास तेव्हा तुला इंट्यूबेशन कोणी शिकवले?" असे म्हणून ते चालू लागले आणि दहा पावलांवर त्यांचा पाय बांधावरून घसरला. मी हात दिला. तो त्यांनी घेतला, पण नंतर आठ महिने ते आमच्याकडे फिरकले नाहीत, माझा फोनही घेतला नाही. गटातील दोघांनी मला दोष दिला. भाईंनी मधल्या काळात उपचार घेतले, हे मला त्यांच्या पत्नीकडून कळले. एकदा घसरण झाली, पुन्हा उपचार झाले.

पुढे २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये आपल्याच गोव्यातील एक अभ्यास वाचनात आला. 'संगाथ' या संस्थेशी निगडित संशोधकांनी दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत घातक प्रमाणात मद्यपान करणाऱ्या पुरुषांना संक्षिप्त समुपदेशन दिले. ते देणारे डॉक्टर नव्हते. थोडे प्रशिक्षण घेतलेली सामान्य माणसे होती. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ३६ टक्के पुरुष घातक मद्यपानातून बाहेर आले होते. केवळ नेहमीचे उपचार मिळालेल्यांमध्ये हे प्रमाण २६ टक्के होते. शंभरात दहांचा फरक कोणास किरकोळ वाटेल. मला तो लेख वाचताना काकींची वही आठवत राहिली.

२०१४ च्या डिसेंबरात एका शनिवारी रात्री भाईंचा फोन आला: "उद्या वाट मी आखली आहे. वेळेवर ये." ती वाट साडेनऊ किलोमीटरांची निघाली. मुलाला हाताशी घेऊन दोन दिवस खपून त्यांनी ती बांधली होती. चढण ते स्वतः चढले नाहीत, गाडीने पुढे येऊन तावेर्नापाशी बसले. आम्ही मात्र खोट्या फाट्यांवर फसून त्यांच्या नावाने बोटे मोडीत पोहोचलो, तेव्हा ते कोकमाचे सरबत पीत मिस्कीलपणे घड्याळ पाहात होते. त्यानंतर साडेचार वर्षे त्यांनी वाटा आखल्या. काठी घेऊन, पण शेवटी शेवटी निम्मी वाट स्वतः चालूनही. यकृताची जी हानी झाली होती ती भरून येण्यासारखी नव्हती. २०१९ च्या पावसाळ्यात ते गेले.

आता तरुण सहकाऱ्याच्या प्रश्नाकडे येतो. आम्ही तावेर्न सोडले नाही. सोडावे असा प्रस्ताव आला होता. वाट पंचायतीच्या सभागृहात संपवावी, असे सुचविले गेले. दोन रविवार तसे करून पाहिले. प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसून बिस्किटे खाल्ली आणि पाऊण तासात सारे आपापल्या मोबाइलसह पांगले. तिसऱ्या रविवारी आम्ही पुन्हा काकींच्या बाकड्यावर होतो. फरक असा की आता तेथे पहिला अर्धा तास फक्त पेज, पाणी आणि मोसमात ताजा नीरो मिळतो. मधुमेही सदस्यांना त्या नीरोचाही अर्धाच पेला. नंतर ज्यास घ्यावयाचे तो एक पेला घेतो, दुसरा काकी देत नाहीत. हॅशच्या मूळ प्रथेत चुकणाऱ्याला शिक्षा म्हणून सर्वांसमोर एका दमात पेला रिचवावा लागतो. ती आम्ही कधीच स्वीकारली नव्हती, आता तिचा उल्लेखही करीत नाही. बारा सदस्यांपैकी सातजण काहीच घेत नाहीत आणि त्यांना कोणी कारण विचारीत नाही. आमच्या तरुणाला हे व्यसन वाटत असेल तर त्याने एकदा यावे आणि कोण काय पितो हे पाहण्याऐवजी कोण कोणाशी काय बोलतो ते ऐकावे. डॉक्टर आपले दुखणे सांगतील अशा जागा फार थोड्या आहेत.

नव्याने येऊ इच्छिणाऱ्यांसाठी काही सूचना. पुढील मोसमाची पहिली वाट नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी सकाळी साडेसहा वाजता देवळासमोरून निघेल. पूर्ण बाह्यांचा सदरा व उंच मोजे घालावेत, मोजे पँटवर ओढावेत. सत्तरी तालुक्यात २०१५ पासून माकडतापाचे रुग्ण आढळले असून त्यांत काजूच्या बागायतीत काम करणारे बरेच होते. डिसेंबर ते मे हा गोचिडांचा काळ. काजूखाली पालापाचोळ्यावर बसू नये, आणि घरी जाताच गरम पाण्याने स्नान करून अंग तपासावे. फाट्यावर हात घालण्यापूर्वी दगडाखाली पाहावे, सापांनाही रविवार असतो. मधुमेहींनी खिशात साखरेची पुडी ठेवावी व गटातील एकाला आपल्या गोळ्यांची नावे सांगून ठेवावीत. एक लिटर पाणी प्रत्येकाने आणावे. वाट कोण आखणार हे आदल्या रात्रीपर्यंत गुप्त राहील. शेतांचा बांध वाटेत असेल.